बचतीचे दिवे : घेण्याजोगे की नाही?

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले तेव्हा आमच्याकडून आठवणींचीच अपेक्षा असावी. पहाटेची घंटा, जेवणाची रांग, परीक्षेपूर्वीची जागरणे यांविषयी आमच्याहून सरस लिहिणारे माजी विद्यार्थी आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत आणि या अंकात त्यांचे लेख असतीलच. आम्ही चौघे एकाच तुकडीचे. एकजण वायरमन, एकजण वीज उपकेंद्रात नोकरीस, एकाचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आणि एकजण शिक्षक. दीप, प्रकाश, तेज असे शब्द आले की आपल्याकडे सुभाषितांना बहर येतो. आम्ही मात्र दिव्याच्या बिलाविषयी लिहिणार आहोत. कारण गेल्या मेळाव्यात जेवणानंतर जो वाद रंगला तो याच विषयावर, आणि तो अर्धवट राहिला.

वाद एका पालकांनी सुरू केला. घरातील सगळे दिवे त्यांनी एलईडी केले होते, तरी बिल होते तेवढेच, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्यांनी सांगितले की दुकानातील नळ्या बदलल्यापासून बिल चटकन उतरले. तिसऱ्यांचा अनुभव असा की बचतीचे म्हणून आणलेले दिवे सहा महिन्यांतच गेले, तेव्हा वाचले ते काय? तिघेही खरे बोलत होते. म्हणूनच हा विषय ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपत नाही.

आमचे मत प्रथमच सांगतो. बचतीचा दिवा घेण्याजोगा आहे. परंतु त्याचे मोल दिव्याच्या खोक्यावर छापलेले नसते, ते दिवा किती तास जळतो यावर ठरते. आणि बचत मोजताना उजेड घटू दिला, तर ती बचत नव्हे, ती कपात होय. हे दुसरे वाक्य आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती हकिकत पुढे येईल.

काचेच्या जुन्या पिवळ्या दिव्यात टंगस्टनची तार तापून पांढरी होते, तेव्हा उजेड पडतो. दिलेल्या विजेच्या शंभर भागांतील जेमतेम पाच भाग उजेडाच्या रूपाने मिळतात, उरलेली सारी उष्णता. थंडीत पिल्लांना ऊब देण्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्यात हा दिवा लावतात, तो उगीच नव्हे. नळीच्या दिव्याने, म्हणजे ट्यूबलाइटने, हा व्यवहार पुष्कळ सुधारला. नंतर सीएफएल आले. २००९ मध्ये केंद्र शासनाने ‘बचत लॅम्प योजना’ सुरू केली आणि पिवळा दिवा देऊन पंधरा रुपयांत सीएफएल घेण्याची सोय झाली. एलईडीचे तंत्र जुने असले तरी निळा प्रकाश देणारा एलईडी साधत नव्हता, आणि त्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. ते काम आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी केले. त्यासाठी त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लगोलग जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली. शासनाला घाऊक खरेदीत तीनशे दहा रुपयांना पडणारा दिवा दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. छत्तीस कोटींहून अधिक दिवे या योजनेतून देशभर वाटले गेले. आमच्या आईवडिलांनीही वीज कार्यालयाच्या आवारातील रांगेत उभे राहून ते आणले. इतकी झपाट्याने स्वस्त झालेली दुसरी उपयुक्त वस्तू आम्हांस चटकन आठवत नाही.

आता हिशेब. साठ वॅटचा पिवळा दिवा सुमारे सातशे लुमेन उजेड देतो. नऊ वॅटचा चांगला एलईडी सुमारे नऊशे देतो. म्हणजे एक्कावन्न वॅट वाचले आणि उजेडही किंचित वाढला. हा दिवा स्वयंपाकघरात रोज पाच तास जळत असेल, तर महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक बचत होते. युनिटला आठ रुपये धरले तर साठ रुपये. शंभर रुपयांचा दिवा दोन महिन्यांच्या आत आपली किंमत फेडतो आणि पुढे वर्षानुवर्षे मिळकत. हाच दिवा मोरीत किंवा अडगळीच्या खोलीत रोज पंधरा मिनिटेच जळत असेल, तर महिन्याला तीन रुपये वाचतात. किंमत वसूल होण्यास पावणेतीन वर्षे. दिवा तोच, बाजारभाव तोच, घरही तेच. अंतर केवळ तासांचे.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो की एकाच दिवशी घरभर दिवे बदलण्याची हौस करू नका. संध्याकाळी सर्वांत आधी कोणता दिवा लागतो आणि सर्वांत शेवटी कोणता मालवतो, ते आठवडाभर पाहा. तो दिवा आधी बदला. घरात सीएफएल चालू असतील तर ते काढून फेकू नका. चौदा वॅटचा सीएफएल काढून नऊ वॅटचा एलईडी लावल्यास पाच तासांच्या वापरात महिन्याला सहा रुपयेच वाचतात. तो आपल्या मरणाने जाईल तेव्हा बदलावा. मात्र सीएफएल आणि नळीचा दिवा यांत थोडा पारा असतो, एवढे ध्यानात असू द्यावे. फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, तुकडे हाताने उचलू नयेत आणि लहान मुले खेळतात त्या उकिरड्यावर तर मुळीच टाकू नयेत.

मग त्या पहिल्या पालकांचे बिल का उतरले नाही? आम्ही त्यांचे बिल मागवून पाहिले. त्यांच्याकडे आधी सीएफएल होते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की बिलातील स्थिर आकार दिवे मालवले तरी भरावाच लागतो. तिसरी आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्यांच्या घरात वीज दिव्यांत जातच नव्हती. छताचा जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅटचा. तो उन्हाळ्यात अठरा-अठरा तास फिरतो, आणि असे तीन पंखे. त्यांपुढे नऊ वॅटचे चार दिवे म्हणजे काय? पंखेही आता तीस-पस्तीस वॅटचे मिळतात. महाग आहेत, पण जो पंखा रात्रंदिवस फिरतो त्याच्या बाबतीत तासांचाच नियम लागू करून पाहावा. त्यांच्या बिलातून एक गोष्ट आणखी शिकण्यासारखी होती. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांपर्यंत एक, त्यापुढे तीनशेपर्यंत बराच चढा. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते. एकशे दहा युनिट वापरणाऱ्याने दहा वाचवले तर ते महाग युनिट होत. पुढची दहा वाचवली तर ती स्वस्त. सरासरी दराने हिशेब करणारा येथे फसतो.

दुकानाचा हिशेब निराळा, आणि तेथे संशयास जागा फार थोडी. आमच्या दुकानदार मित्राकडे चाळीस वॅटच्या सहा जुन्या नळ्या होत्या. लोखंडी चोकची वीज धरून एक नळी त्रेपन्न वॅट ओढते. त्यांच्या जागी वीस वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या. दुकान बारा तास उघडे, महिन्याचे सव्वीस दिवस. सुमारे साठ युनिट वाचली. व्यापारी दर सर्व आकार धरून बारा रुपयांच्या घरात गेला, तर महिन्याला सातशेच्या वर. पट्ट्यांचा आणि वायरमनच्या मजुरीचा खर्च तिसऱ्या महिन्यात निघाला. (मजुरी आमच्यातल्याच एकाने घेतली, आणि पूर्ण घेतली, हे येथे नमूद करण्याचा आग्रह दुकानदाराचा आहे.) शिंपी, सलून, झेरॉक्सचे दुकान, औषधांचे दुकान, खानावळ यांपैकी काहीही चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी याबाबत उशीर करू नये. नळी दिवसभर जळते अशा ठिकाणी जुना चोक ठेवणे म्हणजे गल्ल्यातून रोज थोडे पैसे बाहेर ठेवण्यासारखे आहे. भारनियमनाचे दिवस सर्वांना आठवतात. त्या वेळी इन्व्हर्टरवर चार नळ्या लावल्या की बॅटरी बसलीच. त्याच बॅटरीवर चार पट्ट्या अडीचपटींहून अधिक वेळ चालतात. ज्या गावांत अद्यापही पावसाळ्यात वीज रात्र रात्र जाते, तेथे हा लाभ बिलात दिसत नाही, पण दहावीच्या मुलाला दिसतो.

सहा महिन्यांत गेलेल्या दिव्यांची तक्रार मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. एलईडीचा मणी सहसा मरत नाही. मरतो तो त्याच्या बुडातील ड्रायव्हर, म्हणजे घरातील वीज मण्याला सोसेल अशी करून देणारा छोटा भाग. स्वस्त दिव्यात तेथेच काटकसर केलेली असते. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात, शेवटच्या खांबावरील घरात, तो भाग टिकत नाही. दिवा बंदिस्त काचेच्या गोळ्यात बसवला तर उष्णता कोंडते आणि चांगला दिवाही लवकर जातो. म्हणून खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांची पट्टी, लुमेनचा आकडा आणि बदलून देण्याची मुदत पाहावी. पावती मागावी. पावती मागितल्यावर दुकानदाराने भाव उतरवण्याची तयारी दाखवली, तर तो दिवा घेऊ नये. गरीब घराने स्वस्त दिवा घ्यावा असे वाटणे साहजिक आहे, पण वर्षात तीनदा चाळीस रुपये देणारे घर एकदा शंभर देणाऱ्या घरापेक्षा अधिक खर्च करते. ही गोष्ट आम्ही चपलांच्या बाबतीत लहानपणीच शिकलो होतो.

आणि ते ‘वीज बचत यंत्र’! एक लहानशी डबी, प्लगमध्ये खोचायची, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकतो, आणि म्हणे बिल तीस-चाळीस टक्के उतरते. आपल्या पालकांपैकी एका मावशींनी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून ती घेतली होती. मेळाव्याला येताना त्या पिशवीतून घेऊन आल्या आणि आमच्यासमोर ठेवली. आम्ही ती उघडली. आत एक लहान कपॅसिटर आणि तो हिरवा दिवा. कपॅसिटर हे खोटे उपकरण नव्हे. मोठ्या कारखान्यात मोटारींमुळे जो निष्क्रिय भार येतो तो सावरण्यासाठी त्याचा खरा उपयोग आहे, आणि तेथे त्याचा बिलाशीही संबंध येतो. परंतु घरगुती मीटर तो भार मोजतच नाही. तो मोजतो ती प्रत्यक्ष खर्च झालेली वीज. जे मोजले जात नाही ते कमी करून बिल कसे उतरणार? उलट त्या लुकलुकणाऱ्या दिव्याची अल्पशी वीज तेवढी वाढली. मावशींनी विचारले, “मग माझे पैसे?” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. विक्रेत्याने दिलेला क्रमांक लागत नव्हता. बचतीच्या दिव्यांवरचा लोकांचा विश्वास अशा डब्यांनी उडवला आहे. म्हणून हे येथे विस्ताराने लिहिले.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेतील दिवे बदलण्याचे काम संस्थेने आम्हांस विचारून केले. आठ जुन्या नळ्या होत्या. ‘साठच्या जागी नऊ’ हा बाजारातील मंत्र आमच्या डोक्यात बसलेला. आम्ही आठ नळ्यांच्या जागी नऊ वॅटचे आठ दिवे सुचवले. बिल उतरले, वार्षिक सभेत आमचे कौतुक झाले, हार घातले गेले. पुढच्या वर्षी आमच्यातला शिक्षक संध्याकाळी सहज अभ्यासिकेत गेला, तेव्हा कडेच्या जागा रिकाम्या आणि मुले मधोमध दाटीवाटीने बसलेली. कोणी तक्रार केली नव्हती. आपली मुले अशा गोष्टींची तक्रार करीत नाहीत. सतरंजी ओढून उजेडाखाली घेतात. आम्हीही तेच करीत होतो.

गणित सोपे होते, आम्ही केले नव्हते. एक नळी सुमारे चोवीसशे लुमेन देत होती, त्या जागी नऊशेचा दिवा आला. अभ्यासिकेचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला. वाचनाच्या जागी तीनशे लक्सच्या आसपास उजेड असावा असा संकेत आहे. कोपऱ्यातल्या जागी त्याच्या पाव हिस्साही नव्हता. मग आठ दिवे उतरवले आणि वीस वॅटच्या बारा पट्ट्या अशा बसवल्या की कोणाचीही सावली स्वतःच्या वहीवर पडू नये. आधीच्या नळ्या मिळून सव्वाचारशे वॅट ओढत होत्या, या बारा पट्ट्या दोनशे चाळीस ओढतात. म्हणजे उजेड पूर्वीपेक्षा वाढला आणि वीज तरीही बरीच वाचली. नऊ वॅटच्या दिव्यांनी याहून अधिक वाचत होती खरी. पाच तासांच्या अभ्यासाला रोजचे सात रुपये अधिक. त्या सात रुपयांसाठी वसतिगृहभर मुलांचे डोळे आम्ही वर्षभर ताणले. दिवा बदलताना वॅटची तुलना वॅटशी करू नये, लुमेनची लुमेनशी करावी, हे आम्ही आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

या प्रसंगानंतर बचतीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, त्याखेरीज औद्योगिकीकरण उभे राहणार नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्ये मांडली होती. त्यांची जयंती दरवर्षी विजेच्या रोषणाईने साजरी करणाऱ्या आपल्यातील किती जणांना हे ठाऊक आहे? त्या भूमिकेतील ‘मुबलक’ हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ज्या वस्त्यांत वीज उशिरा पोहोचली, जेथे दोन खोल्यांत अजूनही एकच दिवा जळतो, त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणास नाही. तेथे बचतीच्या दिव्याचा खरा उपयोग हा की जुन्या एका दिव्याच्या बिलात आता तीन दिवे लावता येतात. एक चुलीपाशी, एक मुलांच्या वहीपाशी, एक दारात. बिल तेवढेच राहिले तरी घर पुढे गेले.

अर्थशास्त्रात याची दुसरी बाजू जुनी आहे. जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये दाखवून दिले की यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. दिव्यांचेही तसेच होते. माळा स्वस्त झाल्या म्हणून आपल्या कमानींवरील, विहारांवरील, लग्नमंडपांवरील रोषणाई आठवडा आठवडा उतरत नाही. वहीपाशी लागलेला तिसरा दिवा आणि दुपारी बारा वाजता लुकलुकणारी माळ या दोहोंना आम्ही एकाच मापाने मोजणार नाही. पहिला वाढावा, दुसरी वेळेवर मालवावी. हे युनिट कोठून येते याचा विसर पडू नये. आपल्या राज्यात त्यातला मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून येतो, आणि त्यास पाणीही लागते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते, ते मराठवाड्यातील आपल्या पालकांना सांगण्याची गरज नाही. घरी वाचलेले एक युनिट तिकडे एकाहून थोडे अधिक वाचते, कारण तारांतून येताना वीज गळते.

मेळाव्यातील वाद एका मुद्द्यावर अजून मिटलेला नाही. वसतिगृहाच्या जिन्यांत आणि पडवीत माणूस आला की लागणारे, गेला की मालवणारे दिवे बसवावेत असे आमच्यातल्या वायरमनचे म्हणणे. जिन्यांबाबत गृहपाल तयार आहेत. मुलींच्या इमारतीपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर मात्र त्या ऐकत नाहीत. तेथील दिवे संध्याकाळपासून सकाळपर्यंत अखंड जळले पाहिजेत, पाय टाकल्यावर लागणारा उजेड तेथे कामाचा नाही, कारण पाय टाकण्यापूर्वीच वाट दिसावी लागते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही हिशेब केला. नऊ वॅटचा एक दिवा, बारा तास, महिन्याला सव्वातीन युनिट, सव्वीस रुपये. अशा चार दिव्यांचे शंभर-सव्वाशे. आम्हा चौघांपैकी तिघांनी ती ओळ बचतीच्या यादीतून खोडली आहे. वायरमन म्हणतो, सेन्सर लावूच नका, पण निदान सकाळी ते मालवण्यासाठी एक टायमर तरी बसवू द्या. आणि तो टायमर तो स्वखर्चाने आणणार आहे.